अहिल्याबाईंचे ते तीन दिवस

इंदुरातल्या मराठी घरांत अहिल्याबाईंचं नाव दोन प्रसंगी हमखास निघतं. एक, मुलांना वक्तृत्व स्पर्धेसाठी भाषण हवं असतं तेव्हा. आणि दुसरं, घरातलं कोणी खचून बसलं की. “अहिल्याबाईंनी काय कमी सोसलं? त्यांच्यापुढे आपलं दुःख ते काय!” अन्नपूर्णा रोड, सुदामानगर, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर या सगळ्या पट्ट्यात हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, त्याला धीरच द्यायचा असतो. पण ऐकणाऱ्याला धीर येत नाही. तो आणखी गप्प होतो, कारण आजवर नुसतं बरं वाटत नव्हतं, आता त्यात लाजेची भर पडते. ही पुस्तिका त्या गप्प झालेल्या माणसासाठी आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्यासाठी आहे, म्हणून सुरुवात अहिल्याबाईंपासूनच करते.

त्यांच्यावर काय काय कोसळलं ते आपल्याला पाठ आहे. 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. 1766 मध्ये मल्हारराव गेले, ज्यांनी सुनेला सती जाण्यापासून परावृत्त करून कारभार शिकवला होता. पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. मग बऱ्याच वर्षांनी मुलगी मुक्ताबाईचा एकुलता मुलगा गेला, त्यामागोमाग जावई यशवंतराव फणसे गेले, आणि 1791 मध्ये स्वतः मुक्ताबाई सती गेली. आपली भाषणं इथे थांबतात आणि लगेच घाट, बारवा, धर्मशाळा, काशी विश्वेश्वर यांच्याकडे वळतात. मधलं काही आपण सांगत नाही.

ते मधलं जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने लिहून ठेवलं आहे. 1818 च्या सुमारास तो माळव्यात होता. अहिल्याबाईंना जाऊन तेव्हा पंचवीसेक वर्षंही झाली नव्हती. त्यांना पाहिलेली माणसं हयात होती, आणि त्यांच्याकडून ऐकलेलं त्याने 1823 च्या आपल्या मध्य भारतावरच्या ग्रंथात नोंदवलं. मुक्ताबाईने सती जाऊ नये म्हणून आईने तिची हरप्रकारे विनवणी केली, ती ऐकेना. मग अहिल्याबाई चितेपर्यंत तिच्यासोबत गेल्या. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला. दोन ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरून ठेवले होते, आणि त्या वेदनेने स्वतःचेच हात चावत होत्या. नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या आणि तीन दिवस जवळजवळ काही न खाता, एक शब्दही न बोलता बसून राहिल्या. त्यातून बाहेर आल्यावर मुलगी-जावयाच्या स्मरणार्थ त्यांनी छत्री बांधवली, आणि त्या कामात त्यांना थोडा विसावा मिळाला असावा असं माल्कम म्हणतो.

मुलाच्या बाबतीतली नोंदही वाचण्यासारखी आहे. मालेरावाचं मन शेवटच्या काळात ठिकाणावर नव्हतं. त्याने एका निरपराध कारागिराचा जीव घेतला आणि त्याच माणसाच्या पिशाच्चाने त्याला झपाटलं, अशी तेव्हाची समजूत होती. अहिल्याबाई रात्रंदिवस त्याच्या बिछान्याजवळ बसून असत. त्या पिशाच्चाशी बोलत, तुझं देऊळ बांधते, तुझ्या कुटुंबाला जहागीर देते, माझ्या मुलाला सोड, अशी याचना करत. अडीचशे वर्षांनंतर मालेरावाच्या आजाराला आजचं नाव चिकटवण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. पण ज्या बाईला आपण निश्चल, कणखर म्हणून मुलांपुढे उभं करतो, तिच्या घरात मनाचा आजार होता, ती आजाऱ्याच्या उशाशी बसली होती, आणि मुलगी गेल्यावर तिने अन्न सोडून मौन धरलं होतं. तिचं नाव घेऊन कोणाला गप्प करण्याचा अधिकार आपल्याला नाही. उलट, मी तिचं नाव घेते ते त्या तीन दिवसांसाठी.

आता दुसरी बाजू. अहिल्याबाईंचं ते दुःख होतं, आजार नव्हता, आणि हा फरक या पुस्तिकेचा कणा आहे. दुःख लाटांनी येतं. माणूस रडतो, मध्येच गेलेल्याची एखादी आठवण निघून हसतो, पुन्हा रडतो. त्याला गेलेल्या माणसाची ओढ असते, पण स्वतःबद्दल घृणा नसते. दिवस जातात तशी लाटांमधली अंतरं वाढतात. नैराश्यात लाटा नसतात. दिवसच्या दिवस एकसारखे सपाट जातात. मन उदास असतं, किंवा पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यातली गोडीच जाते. या दोहोंपैकी एक तरी असावंच लागतं. सोबत झोप बिघडते, भूक बिघडते, अंगात त्राण राहत नाही, हालचाल मंदावते किंवा जीव नुसता तगमगतो, लक्ष लागत नाही, आपण कुचकामी आहोत, सगळं आपल्यामुळेच बिघडलं असं वाटतं, आणि मरणाचे विचार येतात. अशी एकूण पाच लक्षणं दोन आठवडे, बहुतेक सगळा दिवस, रोज राहिली आणि त्यापायी कामधाम, नातीगोती अडायला लागली, तर डॉक्टर त्याला नैराश्याचा आजार म्हणतात. त्याला कारण लागतंच असं नाही. “तुला काय कमी आहे?” हा प्रश्न म्हणूनच निरुत्तर करतो. खरंच काही कमी नसतं, आणि तरीही आजार असतो.

आपल्या घरांत तो मनाचा आजार म्हणून क्वचितच येतो. “घबराहट होते,” “डोकं जड आहे,” “गॅस वर चढतोय,” असा येतो. आमच्या गल्लीतल्या एका काकांचं सांगते; ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. बँकेतून निवृत्त, मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात. सकाळी दसरा मैदानावर फेऱ्या, येताना पोहे-जलेबी, मग घरी येऊन पेपरातलं शब्दकोडं. तेही पेनाने, पेन्सिल वापरणं त्यांना कमीपणाचं वाटे. पहिल्यांदा सुटलं ते शब्दकोडं. पेपरची घडी दुपारपर्यंत टीपॉयवर तशीच पडून राहायला लागली. मग फेऱ्या सुटल्या. पहाटे साडेतीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत ते पंख्याकडे बघत पडून राहायचे. तक्रार मात्र पोटाची. ईसीजी झाला, सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली. सगळं नॉर्मल. दर वेळी “काही नाही तुम्हाला” हे ऐकून रिक्षाने परत. हे वाक्य त्यांना सगळ्यांत जास्त लागत असे, कारण त्याचा अर्थ ते ‘तुम्ही नाटक करता’ असा घेत. एकदा काकूंनी कोडं पुढे केलं, “बघा ना जरा, तीन अक्षरी आहे.” काकांनी पेन उघडलं, एक ओळ वाचली, पेन बंद केलं आणि म्हणाले, “मला आता येत नाही.” काकू त्या दिवशी घाबरल्या.

काकांना वाट सापडली ती एका तरुण डॉक्टरमुळे. पोट तपासून झाल्यावर त्याने सहज विचारलं, “काका, हल्ली मजा कशात येते?” काका टेबलावर डोकं टेकून रडले. पुढचं सरळ होतं. रक्त तपासलं, कारण थायरॉइड कमी पडलं, बी-12 उतरलं किंवा रक्त कमी झालं की माणूस असाच मलूल दिसतो आणि ते आधी बघावंच लागतं. मग मानसोपचारतज्ज्ञ, गोळ्या, आणि आठवड्याला एकदा बोलणं. सुधारणा आधी काकूंना दिसली. काकांना स्वतःला कळायला बराच वेळ गेला. हे नेहमीचं आहे. झोप सुधारते, जेवणात हात चालतो, आवाजात जीव येतो, आणि रुग्ण म्हणत असतो, “काही फरक नाही.” म्हणून घरच्यांनी वहीत दोन ओळी रोज लिहाव्यात, असं पुस्तिकेत सुचवलं आहे.

सगळ्यांना मात्र असा प्रश्न विचारणारा डॉक्टर भेटत नाही. बेंगळुरूच्या निम्हान्सने 2015-16 मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. आपला मध्य प्रदेश त्यात होता. वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने गाठलेलं आढळलं, आणि ज्यांना ते त्या वेळी होतं त्यांतल्या सुमारे 85 टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. मला या दुसऱ्या आकड्याने जास्त अस्वस्थ केलं. औषधं आहेत, उपचार आहेत, इंदूरसारख्या शहरात तज्ज्ञही आहेत, आणि तरी शंभरांतले पंच्याऐंशी बाहेरच. खेड्यांत डॉक्टर नाही हे कारण खरं आहे, पण आपल्या अन्नपूर्णा परिसराला ते लागू नाही. इथली अडचण घराच्या आत आहे: सांगावं कोणाला, आणि सांगितल्यावर समोरचा काय म्हणेल?

त्यावर चांगलं काम आपल्या आसपासच झालं आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेने साध्या माणसांना, ज्यांना मानसशास्त्राचं कसलंही पूर्वशिक्षण नव्हतं अशांना, नैराश्यासाठी समुपदेशन शिकवलं. सहा ते आठ भेटी, त्याही रुग्णाच्या घरी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात. ‘लॅन्सेट’मधून प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रुग्ण साधेसुधे उदास नव्हते, बऱ्यापैकी तीव्र नैराश्याचे होते. तीन महिन्यांनी, भेटी मिळालेल्यांपैकी 64 टक्के त्या अवस्थेतून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेला तो भाग. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन या विषयावर बोलायला सुरुवात केली. आधी नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम 4.3 टक्के लोक कोणाकडे मदतीला जात. दीड वर्षाने 27.2 टक्के जायला लागले. आणि आपल्या भोपाळ रस्त्यावरच्या सीहोर जिल्ह्यात ‘प्राइम’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने सरकारी दवाखान्यांतच मनाच्या आजारांवर उपचार बसवण्याचा प्रयत्न केला. तिथल्या ‘मन-कक्ष’ या खोलीची कल्पना पुढे राज्यातल्या जिल्हा रुग्णालयांत गेली. सीहोरला आपण गणपतीच्या दर्शनाला जातो. हेही तिथलंच आहे.

गोव्यातल्या त्या भेटींत काय होत असे? बालपण उकरून काढणं नव्हे. आजारपणात माणसाच्या दिवसातून काय काय गळून पडलं ते शोधायचं आणि त्यातली एक लहानशी गोष्ट ठरलेल्या वेळी पुन्हा सुरू करायची. आपण म्हणतो, मन लागलं की करीन. नैराश्यात ते मन लागतच नाही, त्यामुळे करणं कायमचं पुढे जातं, आणि काही न करता बसलं की मन आणखी बसतं. हे चक्र करण्याच्या टोकाकडून तोडायचं. गोष्ट मात्र इतकी लहान हवी की फसू नये. दसरा मैदानाच्या फेऱ्या नकोत; फाटकापर्यंत जाऊन दूध आणायचं. कोडं पुरं करायचं नाही. पेपर उघडून फक्त आडवे शब्द वाचायचे. शेजारी बसणाऱ्याचं काम एवढंच की सोबत उठायचं, आणि झालं नाही तर उद्यावर टाकायचं, तोंड वाकडं न करता.

ऐकण्याबद्दल पुस्तिकेत सविस्तर आहे, तरी इथेही थोडं सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण माझ्या मते औषधाइतकंच ते मोलाचं आहे. आपण मराठी माणसं उपदेशाला फार लवकर हात घालतो. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत प्राणायाम, मनाचे श्लोक, मामेसासऱ्यांचं उदाहरण. हे सगळं चांगलं असेल, पण पहिल्या दिवशी नको. पहिल्या दिवशी विचारावं, “किती दिवसांपासून असं होतंय? सकाळी जास्त होतं की संध्याकाळी?” आणि उत्तराला वेळ लागला तर लागू द्यावा. नैराश्यात विचारच सावकाश चालतात. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारावं. विचारल्याने डोक्यात ते शिरतं ही भीती खोटी आहे. विचारल्याने माणूस एकटा उरत नाही. हो असं उत्तर आलं तर त्याला एकटं सोडू नये, घरातली औषधं, कीटकनाशकं त्याच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ‘टेली-मानस’ हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठी-हिंदीतही बोलता येतं. फ्रिजवर लावायला तो पुस्तिकेच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत छापला आहे.

नैराश्याइतकीच जागा पुस्तिकेत अवघड भावनांना दिली आहे, कारण आजारी नसलेल्या माणसालाही राग, भीती, मत्सर, शरम यांच्याशी रोज वागावं लागतं. अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती किशोर फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली; डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू करून असे विचार शाळा-कॉलेजांपर्यंत नेले. एलिस यांचं म्हणणं असं की त्रास देणारी प्रत्येक भावना वाईट नाही. खंत ठीक, स्वतःला कोसणं नको. काळजी ठीक, धास्ती नको. दोन्हींच्या मुळाशी वेगळं वाक्य असतं. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत मुलं बाहेर आहेत. “तो इथे असता तर फार बरं झालं असतं,” हे वाक्य डोळ्यांत पाणी आणतं आणि माणूस उठून चहा टाकतो. “तो इथे असायलाच हवा होता, नाहीतर माझं जगणं फुकट,” हे वाक्य माणसाला पलंगावरून उठू देत नाही. आतलं वाक्य ओळखायला शिकता येतं. फक्त एक सावधगिरी हवी: आजार तीव्र असताना वाक्यं तपासायची ताकद नसते. तेव्हा ‘तुझे विचारच चुकीचे आहेत’ असं म्हणणं हा अहिल्याबाईंच्या वाक्यासारखाच मार होतो.

औषधांबद्दलच्या भीती मी इतक्या ऐकल्या आहेत की ते प्रकरण थोडं लांबलं आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांची सवय लागत नाही. मात्र त्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि मळमळ, डोकेदुखी असे किरकोळ त्रास पहिल्याच आठवड्यात होतात. म्हणजे आधी त्रास, मग गुण. बरेच जण नेमके याच टप्प्यावर गोळ्या सोडतात. दुसरा धोका बरं वाटल्यावर येतो. तेव्हाही निदान सहा महिने तरी औषध चालू ठेवावं लागतं आणि थांबवायचं ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. झोपेच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आणू नयेत.

आपल्याकडे बाणगंगा म्हटलं की काहींच्या अंगावर काटा येतो. तिथलं सरकारी मानसिक रुग्णालय म्हणजे एकदा गेलं की संपलं, अशी जुनी धारणा आहे. नैराश्याच्या बहुतेक रुग्णांना कुठेही भरती व्हावं लागत नाही. ते दवाखान्यात येतात, चिठ्ठी घेतात आणि घरी जाऊन जेवतात. कायदाही बदलला आहे. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. उपचार मिळणं हा त्याने हक्क ठरवला, विमा कंपन्यांना मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणे वागवायला सांगितलं, आणि जीव द्यायचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी मदत द्यायची जबाबदारी सरकारवर टाकली.

अन्नपूर्णेच्या देवळाबद्दलही लिहायला हवं, नाहीतर आमच्या भागाचं चित्र अर्धवट राहील. 1959 मध्ये उभं राहिलेलं हे देऊळ इथल्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. जीव घाबरा झाला की डॉक्टरच्या आधी माणूस तिथे जाऊन बसतो. काहीजण विचारतात, तुम्ही औषधाचं सांगता, मग देवळात जाणं सोडायचं का? मुळीच नाही. ओळखीची माणसं दिसणं, ठरलेल्या वेळी घराबाहेर पडणं, हातात फुलं धरून रांगेत उभं राहणं, हे सगळं दिवसाला आकार देतं, आणि आजाऱ्याच्या दिवसातून गेलेला असतो तो आकारच. श्रद्धा आणि गोळी यांचं भांडण लावून देणाऱ्यांपासून मात्र सावध राहावं. “उपचार सोडा, एवढं अनुष्ठान करा,” असं सांगणाऱ्याला नमस्कार करून उठावं.

पुस्तिका क्रमाने वाचायलाच हवी असं नाही. घरात आज कोणी आजारी असेल तर शेजारी बसणाऱ्यांसाठी लिहिलेलं चौथं प्रकरण आधी उघडा. स्वतःला त्रास होत असेल आणि एक पानही वाचवत नसेल, तर तिसऱ्या प्रकरणातली एका पानाची प्रश्नावली कोणाकडून तरी वाचून घ्या, उत्तरांवर खुणा करा आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. तोंडाने सगळं सांगायची गरज पडणार नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य, भंवरकुआँ भागात क्लासेससाठी राहणारी मुलं, आणि दारूआड लपलेलं पुरुषांचं नैराश्य यांना स्वतंत्र प्रकरणं दिली आहेत, कारण त्यांची लक्षणं घरच्यांना वेगळीच दिसतात: बाळाकडे न बघणं, फोन न उचलणं, सारखी चिडचिड. मजकूर मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासून घेतला आहे. काकूंच्या वहीतली काही पानं त्यांच्या आणि काकांच्या परवानगीने पाचव्या प्रकरणात आहेत. वहीत दोन ओळी कशा लिहायच्या ते त्यावरून कळेल.